भोके बुजवणाऱ्यांची काळजी कोण घेणार?

आपल्या पत्रिकेतून मराठी शाळांची घटती पटसंख्या, भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क, मतदारयादीतून गळालेली नावे हे विषय वाचकांच्या चांगले परिचयाचे आहेत. या वेळी संपादकीयासाठी निवडलेला विषय पाहून काहींच्या भुवया उंचावतील. इमारतीच्या भिंतीतली आणि स्लॅबमधली भोके आगरोधक मालाने बुजवणाऱ्या मजुरांच्या सुरक्षिततेशी मराठी मंडळाचा संबंध काय, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर पुढे देतोच. आधी हे काम काय आहे ते सांगतो, कारण पन्नास-साठ वर्षे पक्क्या घरात राहूनही आपल्यापैकी फार थोड्यांना ते माहीत असते.

बहुमजली इमारतीत पाण्याचे पाइप, सांडपाण्याचे पाइप, विजेच्या केबली, टेलिफोनच्या तारा आणि वातानुकूलनाच्या डक्ट एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जातात. त्यासाठी स्लॅबमध्ये आणि भिंतीत भोके ठेवावी लागतात, त्यांना शाफ्ट म्हणतात. पाइप चार इंचांचा आणि भोक आठ इंचांचे, असे सर्रास असते. उरलेली जागा तशीच राहिली तर खालच्या मजल्यावर लागलेल्या आगीचा धूर त्या शाफ्टमधून धुराड्यासारखा वर चढतो. म्हणून ती जागा ठराविक वेळ आगीला तोंड देईल अशा मालाने बंद करायची असते. त्यासाठी रॉकवूल, उष्णतेने फुगणारे सीलंट, आगरोधक गारा, प्लॅस्टिकच्या पाइपाभोवती बसवायची कॉलर असा माल येतो. प्लॅस्टिकचा पाइप आगीत वितळला की कॉलरमधला पदार्थ फुगतो आणि मोकळे झालेले भोक आवळून टाकतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात शाफ्ट आणि केबलींच्या वाटा अशा रीतीने बंद करायला सांगितले आहे.

हे काम न झाल्यास काय होते ते कलकत्त्याने पाहिले. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तिथल्या आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. वरच्या मजल्यांवर ज्वाळा फारशा पोचल्याच नाहीत, धूर मात्र पोचला. नव्वदहून अधिक माणसे गेली आणि त्यातली बहुतेक गुदमरून गेली. आपल्या शहरात सिकंदराबादच्या स्वप्नलोक संकुलात १६ मार्च २०२३ रोजी सहा तरुण मुलेमुली दगावली, तीही धुरानेच. १८ मे २०२५ रोजी गुलजार हौजजवळच्या जुन्या घरात एकाच परिवारातली सतरा माणसे गेली, त्यांत आठ मुले होती. त्या घरात शाफ्टचा प्रश्न नव्हता. चिंचोळी वाट आणि धूर यांनी घात केला. पण त्या दिवसानंतर आपल्या प्रत्येक घरात आगीवर बोलणे झाले हे खरे, आणि वाड्यात राहणाऱ्यांनी 'आता फ्लॅटच बरा' असे म्हटले हेही खरे. फ्लॅट बरा ठरतो तो ही भोके नीट बुजवलेली असली तरच.

ती बुजवणाऱ्या माणसाकडे मात्र कुणाचे लक्ष नसते.

इमारतीत ही टोळी सगळ्यांच्या शेवटी येते. गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, डक्टवाले आपापली कामे उरकून गेलेले असतात. बिल्डरला ताबा देण्याची घाई असते. बाहेरची परांची उतरलेली, सुरक्षा जाळ्या गुंडाळलेल्या, मजुरांची बाहेरची लिफ्ट काढून नेलेली. शाफ्टमध्ये दिवा नाही. तीन-चार जणांची टोळी, एक शिडी, एक ड्रिल, मालाच्या काही बादल्या. मजुरी बहुधा भोकामागे ठरलेली, म्हणजे जितका उशीर तितका तोटा. आणि शाफ्टच्या तोंडावर माणूस पडू नये म्हणून जी फळी किंवा जाळी टाकलेली असते ती काढल्याशिवाय हे काम होतच नाही. इतर मजुरांना भोकापासून दूर राहा म्हणून सांगता येते. याचे कामच भोकाच्या काठावर बसून, आत वाकून करायचे असते. बारा मजल्यांच्या शाफ्टच्या तोंडाशी कमरेला दोर न बांधता वाकलेला माणूस आम्ही या शहरात पाहिला आहे. वाचकांपैकीही अनेकांनी पाहिला असेल, फक्त तो काय करतो आहे ते विचारले नसेल.

पडण्याचा धोका डोळ्यांना दिसतो. बाकीचे धोके हळू असतात. पाइपासाठी काँक्रीट कापताना किंवा भोक रुंद करताना उडणारी धूळ ही साधी माती नसते. तिच्यात सिलिका असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला १९९७ सालीच कर्करोगकारक ठरवले आहे. रॉकवूलची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि इथे उगाच भीती पसरवू नये असे आम्हांला वाटते. त्याच संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात काचेच्या आणि दगडाच्या लोकरीला कर्करोगकारकांच्या यादीत घातलेले नाही, पुरेसा पुरावा नाही असे म्हटले. पण तिचे बारीक तंतू कातडीला आणि डोळ्यांना चांगलेच टोचतात, घसा धरतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा आणि खरा मास्क हवा. लोकर करवतीच्या यंत्राने न कापता धारदार सुरीने कापावी, कापलेले तुकडे लगेच पिशवीत भरावेत, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. एवढे पाळले तर त्रास पुष्कळ कमी होतो. तोंडाला गुंडाळलेला गमछा म्हणजे मास्क नव्हे. भारतीय मानक ९४७३ प्रमाणे एफएफपी-२ असा छाप असलेला मास्क बाजारात मिळतो आणि त्याची किंमत बादलीभर सीलंटच्या तुलनेत नगण्य असते.

जुन्या इमारतीत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. आपल्या देशात त्याचे पत्रे आजही कायदेशीर रीतीने विकले जातात, आणि जुन्या कार्यालयांत, चित्रपटगृहांत, कारखान्यांत केबलींभोवती त्याचेच दोर आणि बोर्ड वापरलेले सापडतात. नूतनीकरणात जुना आगरोधक माल खरवडून नवा भरायचा असतो, आणि खरवडणाऱ्याला आपण काय खरवडतो आहोत हे कुणी सांगत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार वीस-तीस वर्षांनी उमटतो. तोपर्यंत ठेकेदार गेलेला असतो, इमारतीचे नावही बदललेले असते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवायला सांगितले, आणि कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे म्हटले. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने हा खटला चालवला होता. कारखान्यातल्या कामगाराला या निकालाचा थोडाफार आधार मिळाला. भोके बुजवणाऱ्या फिरत्या टोळीची नोंद ठेवायची कुणी?

तिसरा माल फोमचा. डब्यातून फवारला की फुगून भोक भरतो, म्हणून ठेकेदारांचा तो लाडका. पॉलियुरेथेन फोममध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. बंद जागेत ती श्वासात गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ती धरली की पुढे अगदी थोड्या वासानेही धाप लागते, म्हणजे त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. शिवाय साधा फोम स्वतःच पेटतो. आगरोधक म्हणून चाचणी झालेला फोम वेगळा असतो. रंग पाहून तो ओळखू नये, चाचणीचा दाखला पाहावा.

फोमवरून अमेरिकेतला एक जुना प्रसंग सांगण्यासारखा आहे. अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचे अणुवीज केंद्र आहे. २२ मार्च १९७५ रोजी तिथे नियंत्रण कक्षाच्या खालच्या केबलींच्या खोलीत कामगार भिंतीतली भोके बुजवत होते. पलीकडे अणुभट्टीची इमारत होती आणि तिथला हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असे, त्यामुळे भोकातून हवा गळते का हे तपासणे जरुरीचे होते. तपासायची पद्धत अशी, की पेटती मेणबत्ती भोकाजवळ धरायची आणि ज्योत कुठे ओढली जाते ते पाहायचे. भोकात फोम ठासलेला. ज्योत आत ओढली गेली आणि फोम पेटला. कामगाराने आधी हातातल्या विजेरीने, मग चिंध्यांनी आग विझवण्याचा प्रयत्न केला. तोवर ती भिंतीपलीकडे गेली होती. सुमारे सात तास केबली जळत राहिल्या, सोळाशेहून अधिक केबलींचे नुकसान झाले आणि दोन अणुभट्ट्या वर्षाहून अधिक काळ बंद राहिल्या. अग्निशमन दलाचा स्थानिक प्रमुख पाणी मारा म्हणून सांगत होता, पण विजेच्या केबलींवर पाणी नको म्हणून वरिष्ठ अडून बसले. शेवटी पाणी मारले तेव्हा आग थोड्याच वेळात आटोक्यात आली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

या प्रसंगात मेणबत्ती धरणाऱ्या माणसाला हसणे सोपे आहे. पण ती पद्धत त्याने शोधलेली नव्हती, ती त्याला शिकवलेली होती. दोनच दिवस आधी अशीच छोटी आग लागून विझवली गेली होती. तिची चर्चा झाली आणि काम तसेच चालू राहिले. आग थोपवण्यासाठी जो माल भरायचा तोच पेटणारा, तपासणी उघड्या ज्योतीने, आणि आधीच्या इशाऱ्याची दखल नाही, या तिन्ही गोष्टी कामगाराच्या हातात नव्हत्या. त्या आगीनंतर अमेरिकेच्या अणुनियामक मंडळाने १९८० साली अणुकेंद्रांसाठी आगीचे नवे नियम केले. दक्षिण कोरियातल्या इचॉन शहराला हा धडा दोनदा गिरवावा लागला. तिथल्या एका शीतगृहाच्या बांधकामात जानेवारी २००८ मध्ये चाळीस आणि एप्रिल २०२० मध्ये दुसऱ्या एका गोदामाच्या बांधकामात अडतीस कामगार जळून गेले. दोन्ही वेळा युरेथेन फोम होता आणि २०२० च्या आगीत जवळच वेल्डिंग चालू होते. आपल्या शहरातल्या कोणत्याही अपुऱ्या मनोऱ्यात जाऊन पाहा. एका मजल्यावर फोमचे डबे, वरच्या मजल्यावर वेल्डिंगच्या ठिणग्या आणि मधला शाफ्ट उघडा, हे चित्र दुर्मीळ नाही.

आता कायद्याकडे येऊ. बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ साली कायदा केला, १९९८ साली त्याखालचे नियम आले. उघड्या कडा व भोके झाकणे, उंचीवर काम करताना पट्टा आणि दोर, तोडफोड करताना डोळ्यांचे संरक्षण, धूळ आणि वायू यांपासून बचाव हे सगळे त्या नियमांत लिहिलेले आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर जमा करून त्यातून कामगार कल्याण मंडळ चालवायचे अशी जोड दिली. अठरा ते साठ वयाच्या ज्या कामगाराने मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केले आहे त्याची नोंदणी होऊ शकते. उपकर जमा झालाही. खर्च किती झाला? सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात आकडा नोंदवला, की देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमले आणि त्यांतले सुमारे ९,५०० कोटीच वापरले गेले. उरलेले पैसे कोणत्याही पक्षाच्या घोषणेत सापडत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९९६ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. संहितेत चांगल्या गोष्टी आहेत हे मान्य करायला हवे. नेमणुकीचे पत्र द्यावे लागेल, ठरवलेल्या वर्गांसाठी वर्षातून एकदा फुकट वैद्यकीय तपासणी आहे, सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून कापता येणार नाहीत. बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती अडीचशे कामगारांपासून आहे. सुरुवातीच्या संक्रमणकाळात जुन्या नियमांतल्या तरतुदी चालू राहतील असेही केंद्र सरकारने त्या वेळी जाहीर केले.

मात्र आपल्या विषयापुरते पाहिले तर दोन फटी राहतात. दहापेक्षा कमी कामगारांच्या कामाला जुना कायदा लागू नव्हता, नवी संहिताही लागू नाही. मोठ्या बांधकामावर एकूण कामगार शेकडो असले तरी भोके बुजवणारा ठेकेदार आपल्या तीन-चार जणांच्या टोळीचा आकडा दाखवून 'आम्हांला हे लागू नाही' म्हणतो. मोजणी संपूर्ण कामाची व्हायला हवी हे त्याला सांगणारा निरीक्षक तिथे पोचलेला नसतो. दुसरी फट स्वतःच्या राहत्या घराची. पूर्वी दहा लाखांपर्यंतच्या घराच्या कामाला सूट होती, आता ती पन्नास लाखांपर्यंत गेली आहे. महागाई पाहता मर्यादा वाढायला हवी होती हे कुणीही मान्य करील. पण एका जुन्या दुमजली घरात लिफ्ट बसवायची, नव्या केबली टाकायच्या, वर मजला चढवायचा हे काम पन्नास लाखांत सहज बसते. अशा ठिकाणी काम करणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असावे की नाही हे ठरवणारा आता फक्त घरमालक उरतो. तो घरमालक म्हणजे आपण.

इथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर येते. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार, शालिबंडा या भागांतली आपली जुनी घरे एकामागून एक बिल्डरकडे जात आहेत. डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट होते, अर्धे फ्लॅट आपले, अर्धे त्याचे. त्या करारात मार्बल कोणता, नळ कोणत्या कंपनीचे, देव्हाऱ्याची जागा कुठे इथपर्यंत बारीक लिहिलेले असते. आम्ही मुद्दाम काही करार वाचून पाहिले. शाफ्ट कोणत्या मालाने बंद होणार याचा उल्लेख एकातही नव्हता, मग बंद करणाऱ्याचा कुठून असणार? पाच मजल्यांच्या इमारतीवर बिल्डर नवा, ठेकेदार त्याहून नवा आणि जमीनमालकाचे नाव मात्र पाटीवर तीन पिढ्यांचे. उद्या एखादा मजूर शाफ्टमध्ये पडला तर वस्तीत नाव कुणाचे घेतले जाईल हे सांगायला नको.

दुसरे कारण असे, की या टोळ्यांमध्ये ओरिसा, बिहार, झारखंडचे, आपल्या पालमूरचे मजूर असतात तसे नांदेड-लातूरकडचेही असतात. देगलूर, मुखेड, उदगीर ही नावे आपल्या कानांना परकी नाहीत. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो, आणि आपल्या कितीतरी घराण्यांची मूळ गावे तिकडचीच. ही माणसे आपल्याशी आपल्या बोलीत बोलतात. मालाच्या बादलीवरच्या सूचना इंग्रजीत असतात, मुकादम तेलुगूत ओरडतो, आणि ज्याला 'हा डबा बंद खोलीत वापरू नकोस' हे कळायला हवे त्याला ते कुठल्याच भाषेत सांगितले जात नाही. मराठी भाषेच्या हक्कांसाठी मंडळ निवेदने देते ते योग्यच आहे. पण निवेदनातल्या मराठीइतकीच त्या बादलीवरची मराठी महत्त्वाची आहे असे आमचे मत आहे.

काही मंडळी म्हणतील, हे सगळे बिल्डरचे काम, आपण सामान्य माणसे. काही म्हणतील, मजूरच हेल्मेट घालत नाहीत, पट्टा लावत नाहीत, त्यांना सवयच नाही. या दुसऱ्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण पट्टा अडकवायला शाफ्टच्या तोंडाशी कडी किंवा आडवा दोर ठेवलेला असतो का ते पाहा. बहुतेक ठिकाणी पट्टा असतो आणि तो अडकवायची जागा नसते. भोकामागे मजुरी देऊन वर 'सावकाश काम करा' म्हणण्याला अर्थ नाही. आणि यात आपला स्वार्थही आहे. डोळे चुरचुरत असलेला, एका पायावर शिडीवर तोललेला, खाली पडण्याच्या धास्तीतला माणूस भोकाची पुढची बाजू बोटाने सारवतो आणि मागची बाजू तशीच सोडतो. फॉल्स सीलिंग लागले की ते कुणालाही दिसत नाही. ते उघडे पडते थेट आगीच्या दिवशी, आणि त्या दिवशी वरच्या मजल्यावर आपली नातवंडे असतात.

सुरक्षित काम करणे अवघड नाही. स्लॅब ओततानाच शाफ्टमध्ये लोखंडी जाळी सलग ठेवायची आणि पाइपापुरतीच कापायची, म्हणजे माणूस खाली जाण्याचा प्रश्नच उरत नाही. ही युक्ती बरेच चांगले इंजिनिअर वापरतात, खर्च नाममात्र आहे. भोके मागाहून फोडण्याऐवजी ओतकामाच्या वेळीच मापाची ठेवली तर धूळही उडत नाही. कापावेच लागले तर पाणी मारत कापावे. चालू केबलींजवळ काम असेल तर त्या दिवसापुरता प्रवाह बंद करून किल्ली टोळीच्या प्रमुखाकडे द्यावी. फोम किंवा सीलंट चालू असताना त्या शाफ्टच्या खालीवर वेल्डिंग होऊ नये आणि त्यासाठी एका जबाबदार माणसाची लेखी परवानगी असावी. शाफ्टमध्ये उजेड आणि हवा हवी, हे सांगावे लागते याचीच आम्हांला लाज वाटते.

आता मागण्या. अग्निशमन खाते उंच इमारतींना ना-हरकत दाखला देते तेव्हा नळ, होज, पंप तपासले जातात. शाफ्टच्या बंदिस्तीची मजलावार छायाचित्रे, मालाच्या चाचणीचे दाखले आणि ते काम करणाऱ्या टोळीतल्या कामगारांची नोंदणी क्रमांकांसह यादी दाखल्यासोबत जोडणे सक्तीचे करावे अशी आमची राज्य सरकारकडे मागणी आहे. यादी जोडावी लागली की टोळी कागदावर येईल, कागदावर आली की कल्याण मंडळात नोंदवावी लागेल. कामगार खात्याने उपटोळ्यांची मोजणी संपूर्ण बांधकामात धरावी असे लेखी परिपत्रक काढावे. राहत्या घराच्या सुटीतून उंचीवरचे काम आणि जुना अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याचे काम वगळावे, ही मागणी केंद्राकडे करावी लागेल आणि त्यासाठी खासदारांना गाठावे लागेल. महापालिकेच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांनाही हे विचारावे. गेल्या खेपेला आपल्या वस्तीत आलेल्या सर्वपक्षीय उमेदवारांनी नाल्यांवर आणि पार्किंगवर भरभरून आश्वासने दिली होती, आगीचे नाव कुणी काढले नव्हते. आपणही विचारले नव्हते म्हणा.

मंडळाच्या स्वतःच्या सभागृहाचे नूतनीकरण या वर्षी होणार आहे हे सभासदांना ठाऊक आहे. केबली नव्या टाकायच्या आहेत, वातानुकूलन येणार आहे, म्हणजे भिंतींना भोके पडणार. छपराचे पत्रे आणि जुन्या स्विच रूममधला बोर्ड कशाचा आहे याची तपासणी निविदा काढण्यापूर्वी करून घ्यावी, सर्वांत स्वस्त निविदा आपोआप स्वीकारू नये आणि टोळीची सुरक्षा साधने हा निविदेत वेगळ्या रकमेचा विषय ठेवावा, म्हणजे ठेकेदाराला त्यात काटछाट करता येणार नाही, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे. खर्च थोडा वाढेल. वर्गणी मागताना तो उघडपणे सांगावा, सभासद समजून घेतील असा आमचा अनुभव आहे.

ज्यांची घरे विकासाला द्यायची आहेत त्यांच्यासाठी करारात घालण्याच्या कलमांचा मराठी व इंग्रजी मसुदा आपल्या सभासद वकिलांनी तयार केला आहे. तो कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळात पाहायला मिळेल, प्रत विनामूल्य आहे. मजुरांसाठी सोप्या मराठीत एका पानाची सूचनापत्रिकाही छापून घेत आहोत. ती बांधकामांवर नेऊन वाचून दाखवण्यासाठी रविवारी सकाळचे दोन तास देऊ शकतील अशा आठ-दहा जणांची गरज आहे. तेलुगू आणि हिंदी येणाऱ्यांनी विशेषकरून नावे द्यावीत, कारण टोळीत सगळेच मराठी नसतात आणि पत्रक सगळ्यांना समजले पाहिजे.